कडा बघणारे सर

सर कुठलीही वेबसाइट कडेनं बघायला सुरुवात करायचे. आपण सगळे मधे बघतो. मोठं अक्षर, मोठा फोटो, त्याखालचं बटण. सरांना त्यात काडीचाही रस नसायचा. ते खुर्ची ओढत स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याला आणायचे, नाक काचेला टेकेल इतकं पुढे न्यायचे आणि वरून खालपर्यंत पानाची कड तपासायचे. मग उठून खुर्ची डाव्या कोपऱ्याला. मधे गिऱ्हाइकाचं नाव चुकलं असलं तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही, आणि ते एकदा चुकलंही होतं. 'देशमाने' या आडनावाचं आम्ही 'देशमुख' करून टाकलं होतं आणि सरांनी ते पान 'झकास' म्हणून पास केलं होतं. पण कडेला केसाएवढी पांढरी फट राहिली, तर सर असे ओरडायचे की खालच्या गिरणीतल्या बायकांनाही कळायचं.

"मधलं सगळेच बघतात," ते म्हणायचे. "कडंचं बघणारा एक तरी पाहिजे का नाय?"

आमचं ऑफिस पुंडलिकनगरात, पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांचं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि माउस आपोआप चालायला लागायचा. काम करणारे आम्ही दोघंच. मी बिडकीनहून यायचे. इरफान जवळच राहायचा, तरी माझ्यानंतर पोचायचा. सर मालक, सरच हिशेबनीस, सरच तपासनीस. आम्ही त्यांना सर म्हणायचो कारण ते म्हणाले होते, "शेठ म्हणू नका, शेठला काम येत नसतं."

सर मूळचे पाचोडचे. तिथं भावाबरोबर त्यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता. एकदा त्यांनी शहरातल्या कुणाकडून तरी त्या धंद्याची वेबसाइट करून घेतली. तिच्यात त्यांच्या सगळ्यात लांब मंडपाचा फोटो मधल्या चौकटीत कोंबलेला आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या. सरांनी विचारलं, तर करणारा म्हणाला, साचाच तसा आहे. सरांना इतका राग आला की ते स्वतःच हे काम शिकले. पुढे गुडघे बांबूवर चढायला नाही म्हणू लागले, तेव्हा धंदा भावाला दिला आणि ते इकडे आले. रागातून शिकलेलं पक्कं राहतं, असं ते म्हणायचे. मला ते पटतं, मी स्वतः स्वयंपाक तसाच शिकले.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सांगते. आम्ही तयार टेम्प्लेट घ्यायचो. असा साचा बनवणारा पानाचा प्रत्येक भाग मधल्या एका चौकटीत बसवून ठेवतो. लॅपटॉपवर ते बरं दिसतं. स्क्रीन मोठा झाला की चौकट आहे तेवढीच राहते आणि दोन्ही बाजू उघड्या पडतात. मग ती चौकट मोडावी लागते. रंग आणि फोटो बाहेर कडेपर्यंत न्यायचे, पण अक्षर मधेच ठेवायचं, नाहीतर ओळ इतकी लांब होते की वाचणारा पुढच्या ओळीवर परत येताना रस्ता चुकतो. काम अवघड नाही, पण खोडीचं आहे. कधी भाग स्क्रीनपेक्षा सूतभर जास्त रुंद होतो आणि आख्खं पान बोटाबरोबर डावीकडे-उजवीकडे डुलायला लागतं. सर त्याला "मंडप हलायलाय" म्हणायचे.

सगळ्यालाच त्यांची मंडपातली नावं होती. पानाचा पहिला भाग म्हणजे स्टेज. शेवटचा, जिथं पत्ता आणि फोन नंबर असतो, ती पंगत. पसरवलेला रंग म्हणजे कनात, मंडपाला बाजूनं लावतात ते कापड. इरफान नवीन लागला तेव्हा सर त्याला म्हणाले, "स्टेजमागची कनात कडंपर्यंत ओढ." तो बिचारा उठला आणि खिडकीचा पडदा ओढून आला. सरांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही बी तोकडीच ए."

तपासणीसाठी त्यांनी घरचा मोठा टीव्ही ऑफिसात आणून भिंतीला लावला होता. त्यामुळे घरी टीव्ही उरला नाही. मग काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारी डबा घेऊन वर यायच्या आणि त्यांची मालिका इथंच बघायच्या. तेवढा वेळ इरफानचं पान टीव्हीवरून उतरायचं. एकदा एक क्लासवाला गिऱ्हाईक त्याच वेळेला आला. काकूंनी त्याला बसायला सांगितलं, मालिकेतली सून खोटं का बोलतेय ते समजावलं, आणि तो माणूस शेवटपर्यंत थांबला. वेबसाइटबद्दल त्यानं नंतर फारसं काही विचारलं नाही.

मी सरांशी भांडायचे. माझा स्वभावच तसा आहे. मी म्हणायचे, "सर, लोक सगळं मोबाइलवर बघतात. मोबाइलवर ह्या पट्ट्या येतच नाहीत. तुम्ही ज्याच्यासाठी जीव काढताय ते बघणारं कुणी नाही."

"मंडपात मागची कनात कोण बघतं?"

"कुणी नाही."

"मग का लावतात?"

"का?"

"फट राहिली की तिथनंच कुत्रं आत येतं," सर म्हणायचे आणि विषय संपायचा. त्यांचा प्रत्येक वाद कुत्र्यापाशी येऊन संपायचा.

स्वतःच्या आईविषयी मात्र सर बोलत नसत. ते काकूंनी सांगितलं, डबा खाताना, सर खाली गेलेले असताना. सासूबाईंची नजर हळूहळू गेली. गावात सगळे म्हणाले, वय झालं. शेवटी शेवटी त्या उजवा हात भिंतीला लावून चुलीपासून परसापर्यंत जायच्या. भिंत सुटली की जागीच उभ्या राहायच्या आणि कुणाला हाक मारायची हेच त्यांना सुचायचं नाही. काकूंनी एवढं सांगितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तर असे हे सर मधे एका वर्षात निवळले. निदान आम्हाला तसं वाटलं. कोपऱ्याला लागणारी खुर्ची टीव्हीच्या समोर आली. मग जरा मागे गेली. मग आणखी मागे, आणि शेवटी पाण्याच्या जारला टेकली. तिथून आख्खं पान एकदम बघायचं आणि "झकास" म्हणायचं. मी विचारलं तर म्हणाले, "मंडप लांबूनच कळतो." हे तर बांबूवर चढणाऱ्या माणसाला शोभेल असंच उत्तर होतं, म्हणून मी गप्प बसले. ओरडणं कमी झालं. इरफान खूश. "सर सुधर गये यार," तो मला म्हणाला. "अब घर टाइमपे जाते अपन."

त्यांनी स्कूटर घरी ठेवली. "ट्रॅफिकला शिस्तच नाय राहिली," म्हणाले आणि काकूंबरोबर चालत यायला लागले. कोपराजवळ ठेवलेला चहाचा ग्लास सारखा सांडायला लागला. दर वेळी "हितं कोनी ठेवला?" म्हणून इरफानला बोलणी. इरफाननं ग्लास बरोबर त्यांच्या नाकासमोर ठेवायला सुरुवात केली. आतल्या खोलीच्या दाराला खांदा लागायचा, तर त्यांनी सुताराला बोलावून दाराची एक फळीच काढून टाकली. कारण काय, तर हवा येत नाही. आम्ही यावरही हसलो.

आता हे सगळं एकापुढे एक मांडलं की कुणालाही कळेल. आम्हाला कळलं नाही, कारण विक्षिप्त माणसानं काहीही केलं तरी लोक म्हणतात, त्यांचं असंच असतं.

कळलं ते पाचोडच्या मोसंबीवाल्यांमुळे. त्यांची रोपवाटिका होती, मोसंबीची कलमं दूरदूर जायची. सरांच्या गावचे म्हणून सरांनी ते काम मनावर घेतलं होतं आणि गुरुवारी वेबसाइट चालू करून देतो असा शब्द दिला होता. सरांचा शब्द म्हणजे शब्द. त्याआधी सोमवारी ते बघायला आले. हळू बोलणारे, पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ. त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि पाहुण्याला सोडून लांब कसं बसायचं म्हणून सरांनी आपली खुर्ची पुढे आणून त्यांच्या शेजारी लावली. इरफाननं पान लावलं. स्टेजला त्यांच्या बागेचा फोटो, हिरव्यागार रांगा, मधे एका फांदीला लगडलेली मोसंबी.

"लई भारी," ते म्हणाले. मग मान तिरकी केली. "पण सर, बाग हितंच संपली का?"

"म्हंजे?"

"न्हाय, हे उजव्या अंगाला पांढरं काय ए?"

"कुठलं पांढरं?" सर म्हणाले.

मोसंबीवाल्यांना वाटलं सर थट्टा करतायत. ते हसत उठले आणि टीव्हीच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं तळहाताएवढी पांढरी पट्टी होती, वरपासून खालपर्यंत. इरफानकडून एका भागाची चौकट मोडायची राहून गेली होती. मी मनात कान बंद करून घेतले. पण सरांनी फक्त मान वळवली, त्या बोटाकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "व्हय. राहिली जरा. काढू."

ते इरफानवर ओरडले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पाहुणे गेल्यावर मी सरांना म्हटलं, आहे तिथंच बसा. फांदीवरच्या मोसंबीकडे बघा, डोळे हलवू नका. ते चक्क बसले. मी माझ्या कॉम्प्युटरवरून पानाच्या दोन्ही कडांना लाल रंगाची पट्टी दिली.

"कडेला काय आहे, सर?"

"बाग."

"कुठपर्यंत?"

"कडंपर्यंत."

मी पट्टी रुंद केली. बागेच्या दोन रांगा झाकल्या. सर मोसंबीकडे बघत होते. "बाग," ते म्हणाले. आणखी रुंद केली. इरफान दारात चहा घेऊन उभा होता, त्यानं ग्लास खाली ठेवले. मी पट्टी आत आत आणत राहिले आणि सर "बाग, बाग" म्हणत राहिले. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या सांगण्यावरून रंग मधून कडेला ढकलला होता, आणि आता कडेकडून मधे आणत होते. फांदी तेवढी उरली तेव्हा ते म्हणाले, "हे लाल काय यायलंय?"

मग सरांनी मान फिरवून टीव्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला.

"आईचं असंच झालं व्हतं," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कडंचं जायलंय हे मला नाय कळणार तर कोणाला कळंल?"

मला इतका राग आला की मी त्यांच्यावर ओरडले. डॉक्टरकडे का गेला नाहीत म्हणून. काकूंना का सांगितलं नाहीत म्हणून. सर शांतपणे म्हणाले की डॉक्टर सांगणार, गेलेलं परत येत नसतं, आणि ते त्यांना न जाताच ठाऊक आहे.

"आणि राहिलेलं?"

सरांनी खुर्ची जारपर्यंत मागे ओढली. मग म्हणाले, "आईला आमी म्हातारपण म्हणून बसवली. एकानंबी नेली नाय. मी तर गावोगाव लोकांचे मंडप लावत फिरायलो व्हतो. आता स्वतःसाठी कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी मोसंबीवाल्यांची वेबसाइट देणार नाही."

"काय?"

"कडेला फट असलेलं काम ह्या ऑफिसातून बाहेर जात नाही, हा तुमचाच नियम आहे. तपासणाऱ्याला कड दिसत नाही. तुम्ही डोळे दाखवून या, मग देते."

"गुरुवारचा शब्द दिलाय मी!"

"मग बुधवारपर्यंत जाऊन या."

सर उठले. जुने सर परत आले होते, खाली गिरणीपर्यंत आवाज. "ए बाई, लई शहाणपणा करायलीस! इरफान, तू दे ते पान."

इरफान माझ्याकडे बघत म्हणाला, "सर, माफ करो. मेरेकू पासवर्ड नै मालूम." पासवर्ड त्यानंच ठेवलेला होता.

"तुला पगार कोण देतंय?" सर मला म्हणाले.

"तुम्हीच."

"मग?"

"मग तुम्हाला दिसत राहायला नको का?"

सर एका फळीच्या त्या दारातून आतल्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. मंगळवारी माझ्याशी बोलले नाहीत. काकूंना मी सगळं सांगितलं होतं. त्या दुपारी आल्या, पण त्यांनी टीव्ही लावला नाही. आतल्या खोलीत गेल्या आणि दोघांचं काहीतरी हळू आवाजात चाललेलं ऐकू आलं. बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला की आम्ही निघालोय, तूही ये.

दवाखान्यात एका डबड्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवतात. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि बाजूला कुठं उजेड चमकला की बटण दाबायचं. सर बाहेर आले ते माझ्याकडे बोट दाखवत. "ते मशीन बी हिच्यावानीच ए. मधी बघ म्हणतंय आन् कडंचं विचारतंय."

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. दोन्ही कडांचं बरंच गेलंय, उजवीकडचं जास्त, ते येणार नाही. मधलं चांगलं आहे. थेंब रोज घातले, एकही दिवस चुकवला नाही, तर ते राखता येईल. आणखी उशिरा आला असता तर मला काही सांगता आलं नसतं, असंही म्हणाल्या. काकू तिथंच रडल्या. सर त्यांना म्हणाले, "रडतीस कशाला? राखता येतंय म्हणल्या ना बाई."

गुरुवारी मोसंबीवाल्यांची वेबसाइट चालू झाली. बाग दोन्ही कडांपर्यंत गेली होती. मी दोनदा तपासली, एकदा उजवीकडे खुर्ची लावून आणि एकदा डावीकडे. सर मागून बघत होते.

"आता कडंचं तुझ्याकडं," ते म्हणाले. "मी सगळ्यांसारखा मधलं बघतो."

आणि खरंच बघायला लागले. तेव्हापासून आमच्याकडे एकाही गिऱ्हाइकाचं नाव चुकलेलं नाही. वेलांटी, पत्ता, फोन नंबरातला आकडा, सगळं सरांच्या तावडीतून जातं, आणि एवढ्या तेवढ्यावरून ते असे ओरडतात की कडेच्या पट्ट्या बऱ्या होत्या असं इरफानला वाटतं. थेंबांसाठी मोबाइलचा गजर लावलाय. तो वाजला की काम थांबतं, सर मान मागे टाकतात, काकू असतील तर काकू, नाहीतर इरफान थेंब घालतो. "छत बघा सर, हिलू नका," म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, बिडकीनला, घराशेजारच्या मोकळ्या जागेत. मंडप गावातल्याच माणसाचा. सर काकूंना घेऊन आले, पहिल्या रांगेत बसले, त्रिशरण-पंचशील होईपर्यंत हात जोडून होते. फुलं टाकून झाली आणि जेवणाची गडबड सुरू झाली तेव्हा बघते तर काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी.

ते मला मंडपाच्या उजव्या बाजूला दिसले. गर्दीपासून लांब, कनातीच्या अगदी कडेनं, उजवा हात कापडावर ठेवून हळूहळू पुढे चालले होते. त्यांना रस्ता सापडत नाही आणि कुणाला हाक मारावी ते सुचत नाहीये, असंच मला वाटलं. नवी साडी सावरत, खुर्च्या ओलांडत मी धावले.

मी पोचले तेव्हा ते कोपऱ्यात थांबले होते. तिथं दोन कनातींचे काठ एकमेकांना मिळायला हवे होते. सरांची बोटं कापडावरून सरकत त्या जागी आली आणि आत गेली. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. फट वीतभर होती. पलीकडून जेवणाच्या वासानं आलेलं एक कुत्रं नाक आत घालून बसलं होतं.

"काय ए हे?" सर म्हणाले. "कडंचं तुझ्याकडं दिलं व्हतं ना?"

मला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. बहिणीच्या लग्नात कुणी रडलं तर कारण विचारत नाहीत, ते बरं झालं. मी एक काठ धरला, सरांनी दुसरा धरला आणि चाचपडत दोरी शोधून गाठ मारली. मग हात झटकले आणि एक माझ्या खांद्यावर ठेवला.

"चल," म्हणाले, "पंगतीपर्यंत ने मला. ह्या बाजूला भिंत नाय."